अक्का, दुर्बिणीचं तू आम्हाला का सांगितलं नाहीस?

प्रिय अक्का,

यंदा १५ जानेवारीला, किंक्रांतीच्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सोनईला तुझ्याच ओट्यावर बसून मला कळलं की तू माझ्याशी आणि बाळूशी लबाडी केलीस. वेळ नक्की सांगते आहे, कारण दारातून आतलं घड्याळ दिसत होतं आणि मी ते बघून ठेवलं. तहसील कचेरीत जन्म घालवलेल्या बाईला तारीख-वेळ नसलेली तक्रार लिहिताच येत नाही.

तू गेलीस त्याला दीड वर्ष झालं. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांना तुझ्यासारखी बहीण नव्हती. राग जिरेल म्हणून मी एवढे दिवस वाट बघितली. जिरला नाही! आणि आता तर बाळूमुळे लिहिणं भागच आहे. आपला बाळू, ज्याला तू आईविना वाढवलंस, लग्न होऊन सोनईला जाताना पाठराखणीला म्हणून जो तुझ्याबरोबर आला तो दहावी होईपर्यंत परतला नाही, तो आपला एकसष्ट वर्षांचा लहानगा डॉक्टरकडे यायला तयार नाही. आणि त्याचं एकमेव कारण तू आहेस.

आधी दाजींचं सांगते.

मी तिळगूळ घेऊन गेले होते. दाजी दारातच म्हणाले, "किंक्रांतीला कुनी घराभाईर पडतं व्हय, शैला?"

म्हटलं, "मी पडते. काल एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती."

त्यांनी स्वतः चहा केला. हो, आता करतात. तू होतीस तोवर गॅसचं बटण कोणीकडे फिरवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. चहा बराही होता. मी दुसरा घोट घेतला आणि दाजी सहज बोलावं तसं बोलले, "तुमी दोगांनी त्ये दुर्बिनीचं करून घेतलं का न्हाई अजून?"

"कसलं दुर्बिणीचं?"

"आतड्याचं. डाक्टर म्हनला हुता ना, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्या म्हनून." मग त्यांच्या ध्यानात आलं. कपबशी खाली ठेवली. "तुझी अक्काच म्हनली, त्यान्ला काय सांगू नका. बाळू घाबरट हाय, आन शैली डाक्टरचं डोकं खाईल."

शैली डॉक्टरचं डोकं खाईल! अक्का, मी कुणाचं डोकं खात नाही. मी प्रश्न विचारते. उत्तर नसणाऱ्यांना तसं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

म्हणजे डॉक्टरनं तुला स्पष्ट सांगितलं होतं. घरात एकाला आतड्याचा कॅन्सर निघाला की सख्ख्या भावंडांनी त्रास व्हायची वाट बघायची नाही, आतून बघून घ्यायचं. तू ऐकलंस, मान हलवलीस, पदर सारखा केलास, आणि त्या खोलीच्या बाहेर पडल्यावर ते वाक्य गिळून टाकलंस. स्वतः मरणाच्या दारात आणि काळजी कसली, तर बाळू घाबरेल! घाबरला असता तर घाबरला असता. घाबरून कुणी मरत नाही गं.

पण तुला तरी काय बोलू? आपल्या घरात बेंबीपासून गुडघ्यापर्यंत काही नव्हतंच मुळी. डोकं दुखायचं, छाती भरायची, गुडघे धरायचे. मधलं जे काही असेल ते "बरं वाटत नाही" मध्ये जमा. बाबा नगरच्या कॉन्व्हेंटच्या बागेत माळीकाम करायचे म्हणून मला तिथल्या बोर्डिंगात जागा मिळाली, नाहीतर मीही तशीच झाले असते. तिथे एक म्हातारी सिस्टर रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी आम्हाला रांगेत उभं करून एकेकीला विचारायची, "बॉवेल्स मूव्ह्ड?" इंग्रजीतलं मी शिकलेलं पहिलं वाक्य ते. सुट्टीत घरी मिरजगावला आले तेव्हा मोठ्या रुबाबात तुला म्हणून दाखवलं. तू कौतुकानं विचारलंस, "म्हंजे काय गं?" मी अर्थ सांगितला, पोट साफ झालं का. तू माझ्या तोंडावर हात दाबून मला गोठ्यामागे ओढत नेलंस!

त्यामुळे रक्त दिसलं तेव्हा तू काय करणार होतीस? मूळव्याध ठरवून मोकळी झालीस. कुणी तपासलं? कुणी नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं आणि तू मानलंस. उष्णता वाढलीय म्हणून ताक, रात्री सब्जा, दर आठवड्याला सुरण. मी यायची तेव्हा ताटात सुरण. मला वाटायचं, सोनईला यंदा सुरण फार पिकलाय. असेलही मूळव्याध, कुणी नाही म्हटलं? पण ती मूळव्याधच आहे हे डॉक्टरनं बघून सांगायचं असतं. शेजारणीनं नाही.

असो. दाजींकडून निघाले ती नगरला उतरून घरी न जाता थेट दवाखान्यात.

पोटाचा डॉक्टर अगदी पोरसवदा आहे. मला मावशी म्हणतो. मी त्याचं डोकं खाल्लं नाही, फक्त सगळं समजून घेतलं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी चामखिळीसारखी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप बिचारे काही करत नाहीत, पण त्यांतले काही वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाऊन कॅन्सरकडे वळतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत, रक्तही दिसेलच असं नाही. दुर्बिणीच्या नळीनं आत बघायचं आणि दिसले की त्याच वेळी काढून टाकायचे.

"म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच त्याला अडवता येतं?"

"बऱ्याच वेळा येतं, मावशी."

"मग लोक करून का घेत नाहीत?"

"लाजतात," तो म्हणाला. अक्का, त्यानं तुला कधी बघितलेलंही नाही!

त्यानं सूचनांचा छापील कागद दिला. तपासणीच्या आधी काही दिवस बिया असलेले पदार्थ बंद. मी कॉन्व्हेंटची मुलगी, कागद दोनदा वाचला आणि पेरू, टोमॅटो, काकडी, वांगी सगळं घरातून हद्दपार केलं. पण दिवस कोणते होते? संक्रांत ते रथसप्तमी! आमच्या कॉलनीत रोज कुणी ना कुणी दारात. हातावर तिळगूळ ठेवायचा, मी तो तोंडात टाकायचा, दोन शब्द बोलायचे. कुणाला नाही म्हणणार? वर्षाचं वैर घ्यायचं का? आणि तिळगूळ म्हणजे काय खाणं थोडंच असतं?

आदल्या दिवशी ते जुलाबाचं पाणी प्यायले. खारट, वरून लिंबाचा वास लावलेलं. पुढचं वर्णन करत नाही, तू पुन्हा गोठ्यामागे ओढून नेशील. एवढंच सांगते, आमची सिस्टर असती तर तिला मी त्या दिवशी ताठ मानेनं उत्तर दिलं असतं.

सकाळी टेबलावर झोपवलं, हातात सुई टोचली, गुंगी आली. डोळे उघडले तर डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभा.

"मावशी, तीळ खाल्ले होते का?"

"छे! तीळ कोण खातं? तिळगूळ खाल्ला."

"पडद्यावर जिकडे बघावं तिकडे तीळ आहेत. नळीत अडकायला लागले. अर्ध्यातून परत यावं लागलं."

"तुमच्या कागदावर तिळगूळ लिहिलेला नाही."

"बिया लिहिलंय ना?"

"नगर जिल्ह्यात तिळगुळाला बी म्हणणारा एक माणूस दाखवा."

नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. डॉक्टर मात्र विचारात पडला आणि म्हणाला, "खरंय तुमचं." त्यानं पेन काढून कागदाच्या गठ्ठ्यातल्या वरच्या प्रतीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, तिळगूळसुद्धा नाही. आता नवीन छापून घेणार आहेत म्हणे. दवाखान्याला माझ्याकडून एवढी तरी भर पडली.

रथसप्तमी होऊन गेल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. दही-भात, साल काढलेला दुधी, गाळलेलं सूप, आणि पुन्हा ते लिंबाच्या वासाचं पाणी. या वेळी वाट मोकळी होती. तीन पॉलिप निघाले, अक्का. तीन! आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं. सकाळी फिरायला जात होते, दोन्ही वेळा जेवत होते, शेजारणीशी पार्किंगवरून भांडत होते.

डॉक्टरनं फोटो दाखवले. दोन अगदी इवलेसे, मसुराएवढे. तिसरा देठावर उभा, पावसाळ्यात उकिरड्यावर अळंबी उगवते ना, तसाच, फक्त गुलाबी. नळीतूनच तारेचा बारीक फास आत घालतात, देठाला टाकतात, आवळतात, आणि तो सुटून येतो. दुखलं का विचारशील. अजिबात नाही. संध्याकाळी मी घरी मऊ भात खात टीव्ही बघत होते.

ते तपासायला पाठवले आणि उत्तर यायला काही दिवस गेले. ते दिवस मात्र मला आवडले नाहीत. भांडायला माणूस हवं होतं, म्हणून तुझ्या फोटोशी भांडले.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही. पण देठावरचा तो होता ना, तो पुढे वळणाऱ्या जातीचा होता. "आता काढून टाकलाय, त्याची काळजी संपली," डॉक्टर म्हणाला. "नवीन आले का ते बघायला तीन वर्षांनी या. संक्रांत सोडून."

मी हसत बाहेर आले, रिक्षात बसले आणि रडायला लागले. तुझंही कधीतरी एवढंसंच असेल ना गं? देठावर उभं, कुणाला न दुखवता. त्याच वेळी कुणी आत डोकावलं असतं तर? रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "काकू, रिपोर्ट वाईट आला का?"

"चांगला आलाय. म्हणूनच."

त्याला काही कळलं नाही, पण खड्डे चुकवत चालवायला लागला बिचारा.

मग आलेल्या रविवारी मिरजगाव गाठलं. बाळू गोठ्यात गाईंना चारा टाकत होता. मी सगळं सांगितलं, पॉलिपचे फोटोसुद्धा दाखवले. त्यानं मान फिरवली.

"ताई, गाईम्होरं कसले फोटू दाखिवती! मला काय झालंय? दगड पचिवतो मी."

"मलाही काही झालं नव्हतं. तरी तीन निघाले."

"तुजं येगळं. तू खुर्चीत बसून काम केलं जलमभर."

"आणि अक्का खुर्चीत बसली होती का? सकाळपासून मळ्यात राबायची ती."

त्यावर तो गाईशी बोलायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले. बाळूची मंदा खाली बसून भाजी चिरत होती. हातांना चिंच चोळलेली, आणि विळीपुढे काय असेल? सुरण!

"हे कुणासाठी गं?"

"ह्यान्लाच, वन्सं," मंदा हळूच म्हणाली. "उष्णता झालीया म्हने. म्हयना झाला. मला बी सांगत नव्हते, धोत्रावर डाग दिसला तवा कळलं."

अक्का, तेच ताट, तीच भाजी, तीच उष्णता! मी बाहेर येऊन बाळूला उभा केला. कसा केला ते लिहीत नाही, गाई बिथरल्या एवढं पुरे. तेव्हा त्यानं खरं कारण सांगितलं.

"ताई, अक्काला माजी किती काळजी हुती तुला ठावं हाय. साधी शिंक आली तरी काढा करायची. डाक्टर काय बी म्हनू दे, खरंच गरज असती, तर तिनं पयलं मलाच सांगितलं असतं. तिनं न्हाई सांगितलं, म्हंजे मला त्याची गरज न्हाई."

ऐकलंस? तू त्याला घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहिलीस, आणि तो तुझं गप्प राहणं औषधासारखं घेऊन बसलाय!

"बाळू, ती चुकली."

"अक्का न्हाई चुकायची."

"ती गेली रे आता."

"म्हनून काय झालं? तिच्या शब्दाभाईर मी कदी गेलोय का? तू तिची परवानगी आन. मंग येतो." एवढं बोलून त्यानं टोपी झटकली आणि विषय संपल्यासारखा बाजेवर बसला. मंदानं दारातून कपाळाला हात लावला.

त्याला वाटलं, आता ताई काय करणार? पण तो बोलत कुणाशी होता? अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या बाईशी!

मी शेजारी बसले. "बाळू, बाबांची जमीन तुझ्या नावावर चढली, तेव्हा चावडीवर काय लागलं होतं?"

"नोटीस."

"काय होतं तिच्यात?"

"कुनाची हरकत आसंल तर मुदतीत लेखी द्या म्हनून."

"आणि मुदतीत कुणी काही दिलं नाही तर?"

"मंग काय, नोंद पक्की." तोंडातून शब्द गेला आणि त्यानं जीभ चावली.

मंदा खो-खो हसली. "बोला आता! बोला की!"

बाळू हसला नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाला, "चालंल. अक्काला नोटीस काढ. तिची हरकत न्हाई आली तर येतो मी. पन मुदत नीट दे तिला. आन ताई, शिव्या घालू नको त्यात."

शिव्या घातल्यात का मी? वस्तुस्थिती लिहिली आहे.

तर ही ती नोटीस. एक प्रत मिरजगावला तुझ्या फोटोखाली लागेल, तिथे येता-जाता बाळूला वाचता येईल. तपासणी मंगळवारी, ११ मार्चला सकाळी ठरवली आहे, म्हणजे होळीची पोळी त्याला आरामात खाता येईल. त्यानं सगळ्यात आधी तेच विचारलं. शनिवारपासून शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सगळं बंद. मंदानं बरण्या आत्ताच शेजारी नेऊन ठेवल्यात. "मंग खायाचं काय?" म्हणाला. म्हटलं, भात. "भात काय खानं आसतं का?" तुझाच भाऊ.

आत काय निघेल, मला माहीत नाही. साधी मूळव्याध निघाली तर मी स्वतः त्याला सुरण करून घालीन. माझ्यासारखे पॉलिप निघाले तर काढून टाकतील. आणि दुसरं काही असलंच, तरी रक्त दिसायला लागल्यावर लवकर कळेल, तुझ्यासारखं वर्ष सरल्यावर नाही.

माझं तुला वचन आहे, अक्का. त्याला आत नेतील तोवर त्याचा हात मी सोडणार नाही. तुझ्यासारखं गोड बोलायला मला जमत नाही, पण जे निघेल ते त्याला जसंच्या तसं सांगेन, मंदाला सांगेन, त्याच्या पोरांना समोर बसवून सांगेन. या घरात यापुढे पोटाचं बोलणं चारचौघांत, मोठ्यानं होईल. ऐकणारे लाजले तर लाजू देत.

तेव्हा बाळूला नेण्याला तुझी काही हरकत असेल, तर ती रविवार, ९ मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळव. लेखी म्हणजे लेखीच. त्याच्या स्वप्नात येऊन सांगितलेलं ग्राह्य धरलं जाणार नाही. रविवारपर्यंत त्याला सोयीची स्वप्नं पडणार, याची मला खात्री आहे. मुदतीत उत्तर आलं नाही, तर तुझी संमती आहे असं समजण्यात येईल.

जन्मभर तू गप्प बसायचीस म्हणून मी तुझ्याशी भांडले. आता एवढे चार दिवस, माझ्यासाठी नाही, बाळूसाठी, गप्प राहा.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझीच
शैली